रस्किन पॉटरीच्या चार झिलया आणि एक लाल काठ : प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२३

येत्या सहा महिन्यांत, ७०० पौंडांच्या आत, रस्किन पॉटरी या इंग्लंडमधल्या जुन्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या चार मुख्य झिलयांचा (भांड्यावर भाजून बसवलेल्या काचेसारख्या लेपांचा) प्रत्येकी एक नग घ्यायचा, तो स्वच्छ करून तपासायचा आणि बैठकीच्या खोलीत एका फळीवर मांडायचा, असे आज ठरवले. नोंदी ठेवण्याचे कारण एवढेच की या विषयावर छायाचित्रांची पुस्तके मिळतात, पण नवखा माणूस कुठे फसतो आणि फसल्यावर त्याला किती खर्च येतो, हे त्यांत लिहिलेले नसते.

रस्किनच का, याचे उत्तर भूगोलात आहे. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो आणि मेथी, कढीपत्ता, ओला नारळ आणायला शेजारच्या स्मेथविकच्या हाय स्ट्रीटवर जातो. त्याच स्मेथविकमध्ये, ओल्डबरी रस्त्यावर, १८९८ मध्ये बर्मिंगहॅम स्कूल ऑफ आर्टचे मुख्याध्यापक एडवर्ड टेलर यांनी हा कारखाना काढला आणि त्यांचा मुलगा विल्यम हाउसन टेलर याने तो अखेरपर्यंत चालवला, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९३५ मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा हाउसन टेलरने झिलईच्या साऱ्या कृती आणि कागदपत्रे मुद्दाम नष्ट केली, कारण आपल्यामागे कोणी नक्कल करावी हे त्याला नको होते. तोही त्याच वर्षी वारला.

चार झिलया अशा. सूफ्ले म्हणजे धुक्यासारखी उमटलेली, बहुधा एकाच रंगाच्या छटांची. लस्टर म्हणजे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चमकणारी. क्रिस्टलाइनमध्ये हिवाळ्यात मोटारीच्या काचेवर हिम धरते तसे स्फटिक दिसतात. चौथी हाय-फायर्ड : अतिशय तापलेल्या भट्टीत प्राणवायू कमी करून तांब्यापासून काढलेला रक्तासारखा लाल रंग, ज्यात जांभळ्या धारा आणि हिरवे ठिपके उमटतात. या शेवटच्या प्रकारातले कोणतेही दोन नग सारखे नसतात, आणि बाकी तिघांची एकत्र बेरीज केली तरी याची किंमत तिच्या वर जाते.

२१ ऑक्टोबर

पहिली खरेदी क्रिस्टलाइनची झाली. जुन्या वस्तूंच्या एका बाजारात साच्यातून काढलेली १८ सेंटिमीटर उंचीची फुलदाणी ४५ पौंडांना मिळाली. १९२० च्या दशकातला हा माल हाताने चाकावर घडवलेला नसल्यामुळे संग्राहक त्याला थोडे हलके लेखतात, म्हणून तो परवडतो. वरून निळा, मध्ये हिरवट, खाली नारिंगी, आणि रंग जिथे एकमेकांत उतरतात तिथे स्फटिकांची दाटी. तळाशी शिक्का दाबून उमटवलेला आहे.

विकणाऱ्या आजीबाईंनी ती स्वतःहून डाव्या तळहातावर उभी धरली आणि काठाला नखाने टिचकी मारून दाखवली. आवाज खणखणीत आला आणि क्षणभर रेंगाळला. मीही तसे करून पाहिले आणि विसरून गेलो. हे विसरणे पुढे महागात पडले, त्याची नोंद यथाक्रम येईल.

धुताना एक चूक होता होता राहिली. भांडी घासतो त्याच सिंकमध्ये धुवायला घेतली आणि काठ नळाला लागला. टवका उडाला नाही, हे नशीब. तेव्हापासून जमिनीवर प्लास्टिकचे घमेले, त्यात दुमडलेला पंचा, कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब, अशी पद्धत ठेवली आहे. तळावरच्या किमतीच्या चिकटपट्टीचा डिंक पांढऱ्या स्पिरिटने निघाला. एकूण दोन तास गेले.

५ नोव्हेंबर

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

लस्टरचा एक उथळ वाडगा केंटमधल्या विक्रेत्याकडून टपालाने मागवला होता. टपालखर्च धरून ५८ पौंड. पिवळट मोतिया रंग, उजेडात फिरवला की गुलाबी झाक मारणारा. आतल्या बाजूला पाण्याची पांढरी वर्तुळे होती, कारण आधीच्या मालकाने त्यात वर्षानुवर्षे फुले तरंगत ठेवली असावीत आणि केंटचे पाणी चुनखडीमुळे जड असते. आमच्या बर्मिंगहॅमला वेल्समधल्या एलन खोऱ्याचे मऊ पाणी येते, त्यामुळे असा क्षार घरात कधी पाहिलेला नव्हता आणि तो कसा काढतात याचा अनुभवही नव्हता.

दिवाळी आठवड्यावर आली होती. पत्नी स्वयंपाकघरात समई आणि निरांजने चिंचेच्या कोळाने घासत होती आणि ती कशी लखलखीत होत आहेत हे मी पाहत होतो. डाग म्हटला की आंबट लावायचे, हे आपल्या हातात इतके मुरलेले असते की विचार मध्ये येतच नाही. मी कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून वाडग्याच्या तळावर ठेवला आणि चहा प्यायला गेलो. वीस मिनिटांनी परत आलो तेव्हा क्षार निघाला होता, आणि बोळा होता तेवढ्या भागातली चमकही गेली होती. आता तिथे मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढा, मेणचट पिवळा, मुका डाग आहे.

समईवरचा काळपटपणा हा वरून धरलेला थर असतो, तो गेला की खाली पितळच असते. लस्टरची चमक हीच मुळी वरचा थर आहे : झिलईवर बसवलेली धातूची अतिशय पातळ साय. तिच्या खाली चमकणारे काही नाही. आम्लाने साय खाल्ली. ती परत बसवता येत नाही, आणि भट्टीत घालून बसवण्याचा विचारही करू नये. त्या क्षाराच्या वर्तुळांसकट वाडगा उत्तम दिसला असता. लस्टरला साधे पाणी, मऊ फडके आणि पुसताना जोर शून्य, याहून अधिक काही लावू नये.

१८ नोव्हेंबर

वेन्सबरीच्या संग्रहालयात गेलो. सार्वजनिक मालकीचा रस्किन पॉटरीचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे आणि आमच्या घरापासून तो अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. पुस्तकातल्या चित्रांनी रंगाची कल्पना येते, पण झिलईची जाडी समजत नाही. हाय-फायर्ड फुलदाण्यांच्या पोटावर झिलई काकवीसारखी दाट उतरलेली दिसते आणि बुडाशी ओघळून थांबते. काही फुलदाण्यांना त्याच कारखान्यात केलेली मातीची वेगळी बैठकही आहे.

वहीत एक वाक्य लिहून आणले ते जसेच्या तसे देतो : 'लाल भांड्यांचे काठ सगळीकडे फिके, मलईसारखे किंवा हिरवट पांढरे.' याचे कारण साधे आहे. वितळलेली झिलई काठावरून खाली सरकते, तिथे पातळ थर उरतो आणि तांब्याचा लाल रंग त्या पातळ थरात टिकत नाही. हे मी समजून घेतले, लिहून घेतले, आणि वही खिशात घातली.

२ डिसेंबर

सूफ्लेची १४ सेंटिमीटरची छोटी फुलदाणी, निळी, ८५ पौंड. तळावर शिक्का आणि सन स्पष्ट आहे. टिचकी मारली, चांगली वाजली. धुतली, पुसली, ठेवली. लिहिण्यासारखे काही घडले नाही, आणि असे व्यवहारही होतात हे नोंदले पाहिजे. आतापर्यंत एकूण १८८ पौंड गेले. हातात ५१२ उरले.

१३ डिसेंबर

आज ऑनलाइन लिलावात हाय-फायर्ड फुलदाणी घेतली. २२ सेंटिमीटर उंच, अरुंद मान, रुंद खांदे. छायाचित्रात मानेभोवती शेवाळी हिरव्या ठिपक्यांचा झुबका होता आणि मी त्या ठिपक्यांवर भाळलो, हे मान्य केले पाहिजे. मी ३५० वर थांबायचे ठरवले होते. हातोडा ४२० वर पडला तेव्हा बोली माझी होती.

हिशेब नंतर केला, म्हणजे चुकीच्या वेळी केला. लिलावगृहाचा प्रीमियम (बोलीवर खरेदीदाराने द्यायचे त्यांचे शुल्क) २५ टक्के, म्हणजे १०५ पौंड. त्या प्रीमियमवर २० टक्के कर, २१ पौंड. ऑनलाइन बोलीचे ३ टक्के शुल्क १२.६० पौंड आणि त्यावरचा कर २.५२ पौंड. एकूण ५६१.१२ पौंड, आणि पॅकिंगसह टपालाचे २४ वेगळे. थोडक्यात, हातोड्याच्या प्रत्येक १०० पौंडांमागे मला १३३.६० द्यावे लागले. हा गुणाकार आधी उलटा करायला हवा होता : ५१२ भागिले १.३३६ म्हणजे माझी खरी मर्यादा ३८३ पौंड होती. प्रीमियम माहीत होता, पण प्रीमियमवरचा कर आणि ऑनलाइन शुल्क मी धरलेच नव्हते.

दुसरी चूक याहून मोठी. लिलावाच्या आधी वस्तूच्या अवस्थेचा अहवाल मागता येतो आणि तो बहुधा फुकट असतो. मी मागितला नाही, कारण वर्णनात तुटफुटीचा उल्लेख नव्हता. वर्णनात उल्लेख नसणे आणि वस्तूत दोष नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२१ डिसेंबर

खोके आले. फुगवट्याच्या प्लास्टिकचे पाच थर होते आणि चिकटपट्टी कोठेही झिलईला लागलेली नव्हती, त्यामुळे पॅकिंगबद्दल तक्रार नाही. फुलदाणी खिडकीत ठेवली आणि साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने रंग पाहिला, "कुंकवाच्या करंड्यासारखी आहे रे," म्हणाली, किंमत विचारली, मी अर्धी सांगितली. मग म्हणाली, "वाजवून घेतलीस ना?"

आमच्याकडे उन्हाळ्यात माठ आणायचा म्हणजे कुंभाराच्या दारात दहा माठ वाजवून मग एक उचलायचा. हे मला चौथीत असल्यापासून ठाऊक आहे. मी आईसमोरच फुलदाणी तळहातावर घेतली आणि काठाला टिचकी मारली. बद्द आवाज आला. दुसऱ्या बाजूला मारली, तरी बद्दच. फोनवर पाच हजार मैलांवरून आईलाही तो ऐकू गेला असावा, कारण ती लगेच दुसऱ्या विषयावर बोलू लागली.

२८ डिसेंबर

सुटीत तपासणी केली. तपासणीचा क्रम आणि प्रत्येक उपायाची लायकी पुढीलप्रमाणे.

अतिनील किरणांची बॅटरी १४ पौंडांना आणली आणि रात्री दिवे मालवून फुलदाणीवर टाकली. जुने रोगण आणि डिंक या प्रकाशात दुधट किंवा पिवळट चमकतात असे वाचले होते. काठाच्या एका भागात अगदी पुसट दुधट छटा दिसली, ती इतकी पुसट की मनाचे खेळ वाटावेत. पुष्कळ नवी रोगणे या उजेडात उजळतच नाहीत, त्यामुळे बॅटरीत काही दिसले नाही म्हणजे वस्तू निर्दोष आहे असे समजू नये.

नंतर टाचणी. झिलई काच असते, तिच्यावरून टाचणीचे टोक आडवे सरकवले की ते घसरते. काठावरून फिरवत आणताना एका ठिकाणी ते घसरायचे थांबले आणि किंचित रुतले. पुढे सुमारे दोन सेंटिमीटर रुतत गेले आणि मग पुन्हा घसरू लागले.

शेवटी दात. ही युक्ती ऑक्टोबरच्या बाजारात त्याच आजीबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या : काठ पुढच्या दातांवर हलकेच टेकवायचा, काच असेल तर काचेसारखी कडक लागते, रंग असेल तर साबणाच्या वडीसारखा मऊ लागतो. शंभर वर्षांची धूळ तोंडात जाईल म्हणून आधी धुऊन घ्यावे. मी धुतले, टेकवले, आणि शंका उरली नाही.

मग नोव्हेंबरची वही उघडली. लाल भांड्यांचे काठ सगळीकडे फिके. माझ्या फुलदाणीचा काठ बहुतेक भागात मलईसारखा फिकाच आहे, पण टाचणी रुतते त्या दोन सेंटिमीटरांत तो शेवटपर्यंत लाल आहे. छायाचित्रात हे दिसत होते. मी ते पाहिलेही होते आणि मला वाटले होते की भट्टीची लहर असेल. या झिलईची गोम इथे आहे : ती मुळातच बेभरवशाची असल्यामुळे बघणारा प्रत्येक विसंगतीचे श्रेय आगीला देऊन मोकळा होतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याला दडायला याहून चांगली जागा मिळत नाही. पांढऱ्या बशीवर अशी दुरुस्ती पाच मिनिटे लपली नसती.

६ जानेवारी २०२४

लिलावगृहाशी चार पत्रांची देवघेव झाली. त्यांचे म्हणणे असे की नियमावलीनुसार वस्तू आहे त्या स्थितीत विकली जाते आणि अवस्थेचा अहवाल मागण्याची संधी मला होती. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नियमावली मी बोली लावण्यापूर्वी 'मान्य' वर टिचकी मारून स्वीकारली होती. टिचकी मारायची होती ती जागा वेगळी होती.

परत विकण्याचा विचार केला, पण दोष सांगून विकली तर निम्मेही येणार नाहीत आणि न सांगता विकणे शक्य नाही. तेव्हा जुनी दुरुस्ती उतरवून खाली काय आहे ते पाहायचे आणि दुरुस्ती परत उघडपणे करायची, असे ठरवले. माझा या कामाचा अनुभव शून्य आहे. किमती नगावर हे करू नये, तज्ज्ञाकडे द्यावे. माझा नग आता किमती राहिलेला नव्हता.

१३ आणि १४ जानेवारी

साहित्य : ॲसिटोन अर्धा लिटर ७ पौंड, वाफेपासून बचावाचा मुखवटा २६ पौंड. हातमोजे घरातले निळे नायट्राइलचे वापरले आणि दहा मिनिटांत त्यांची बोटे फुगून सैल झाली, कारण नायट्राइल ॲसिटोनपुढे टिकत नाही. ब्यूटाइल रबराचे ९ पौंडांचे मोजे मागवून दुसऱ्या दिवशी काम पुढे नेले. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या, बाहेर तापमान शून्याच्या आसपास होते आणि संक्रांतीचे तिळगूळ वळायला घेतलेल्या पत्नीने, घरात एक तर गुळाचा वास राहील किंवा नखांच्या रंगाचा, असे सुनावले. मी गॅरेजमध्ये गेलो.

कापसाची काडी ॲसिटोनमध्ये बुडवायची, टिपकागदावर निथळवायची आणि घासायची नाही, तर लाटण्यासारखी फिरवायची. पहिल्या काडीवर काहीच आले नाही. दुसरीवर किंचित तपकिरी आले, ते वरचे रोगण. चौथ्या काडीचे टोक गुलाबी झाले. सहावी काडी मानेखालून फिरवून उचलली तेव्हा तिच्यावर तीन हिरवे ठिपके होते.

मी भिंग घेतले. ज्या झुबक्यावर भाळून मी ४२० पर्यंत गेलो होतो, त्यातले खालचे ठिपके झिलईच्या आत, पाण्याखालच्या शेवाळासारखे खोल होते आणि हलत नव्हते. वरचे, काठाकडचे ठिपके मात्र एका बारीक कुंचल्याने काढलेले होते आणि कापसावर येत होते. ज्याने काढले त्याचा हात चांगला होता, हे म्हणावे लागेल : प्रत्येक ठिपक्याची कड त्याने ओल्या कुंचल्याने विरवली होती.

दोन दिवसांत ५० हून अधिक काड्या लागल्या. रंगाखाली निघाले ते असे : काठाला १९ मिलिमीटर लांबीचा टवका, करड्या पुट्टीने भरलेला, आणि त्याच्या टोकापासून मानेवरून खाली ४ सेंटिमीटर उतरलेला केसाएवढा तडा. बद्द आवाज त्या तड्याचा होता. टवका कितीही मोठा असला तरी भांडे वाजते. तडा केसाएवढा असला तरी वाजत नाही. पुट्टी ॲसिटोनने विरघळली नाही, नुसती फुगली, आणि मग बांबूच्या टोकदार काडीने ढलप्या-ढलप्यांनी निघाली. स्टीलचे हत्यार लावण्याचा मोह आवरला, ते या दोन दिवसांतले एकमेव शहाणपण.

२७ जानेवारी

तड्यातली मळकट रेघ काढण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेल्या कापसाची पट्टी रात्रभर लावून वर प्लास्टिक गुंडाळले. तीन रात्रींनी रेघ फिकी झाली. घरातले क्लोरीनचे ब्लीच इथे वापरू नये, कारण त्याचे क्षार मातीत शिरून वाळताना स्फटिक होतात आणि झिलई आतून उचलतात. व्हिनेगरच्या प्रकरणानंतर आता मी प्रत्येक बाटली उघडण्यापूर्वी वाचतो.

मग इपॉक्सी, म्हणजे मिसळल्यावर टणक होणारा डिंक. काचेसाठी वापरतात ते पाण्यासारखे पातळ आणि न पिवळणारे, दोन भागांचे, ३८ पौंड. दोन्ही भाग वजनाने तीनास एक घ्यायचे असतात. मी स्वयंपाकघरातला काटा वापरला, जो एका ग्रॅमच्या खाली मोजत नाही, आणि मला एकूण चार ग्रॅम हवे होते. म्हणजे एका ग्रॅमच्या भागात अर्ध्या ग्रॅमपर्यंत चूक सहज शक्य होती. गॅरेजचे तापमान ९ अंश. आठ दिवसांनी बोट लावले तर मध लागावा तसे लागले. सर्व पुसून ॲसिटोनने धुऊन काढले. दोन आठवडे वाया गेले, तडा पुन्हा उघडा.

१७ फेब्रुवारी

शतांश ग्रॅम मोजणारा काटा १२ पौंडांना आणला. फुलदाणी घरात घेतली, रेडिएटरपासून हातभर अंतरावर एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, आत २३ अंश राहिले. तडा किंचित कोमट असताना इपॉक्सीचा एक थेंब काठाजवळ ठेवला आणि तो तड्यातून आपोआप खाली शोषला जाताना डोळ्यांनी पाहिला. कापडात पाणी चढावे तशी ती रेघ वरून खाली ओली होत गेली आणि दिसेनाशी झाली. सात दिवसांनी टणक झाले. टिचकी मारली. खणखणीत नाही, पण बद्दही नाही.

टवका भरण्यापूर्वी तुटलेल्या कडेवर पॅरालॉइड बी-७२ चा पातळ हात दिला. हे ॲक्रिलिक राळेचे दाणे, ११ पौंडांचे, ॲसिटोनमध्ये विरघळतात. पुढे कोणाला माझे काम काढायचे झाले तर ॲसिटोनने हा थर सुटेल आणि त्यावरचे भरण अखंड निघून येईल. आधीच्या माणसाने एवढे केले असते तर माझा एक दिवस वाचला असता.

भरण जमले, रंग फसला. भरणावर ॲक्रिलिकचा लाल रंग लावला तो बाटलीत बरोबर वाटला आणि काठावर गंधाच्या टिळ्यासारखा चपटा दिसू लागला. तो घासून काढताना बारीक पॉलिश कागद शेजारच्या मूळ झिलईवर गेला आणि तिथे नखाएवढ्या जागेत धुरकट ओरखडे आले. कडेने चिकटपट्टी लावून मूळ झिलई झाकून घेतली असती तर हे टळले असते. ही जखम जुन्या दुरुस्ती करणाऱ्याची नाही, माझी आहे.

९ मार्च

रंग जमला, पण वेगळ्या वाटेने. अस्सल झिलईचा लाल रंग वर लावलेला नसतो, पारदर्शक काचेत खोल बसलेला असतो. म्हणून इपॉक्सीतच कोरडी रंगद्रव्ये, २२ पौंडांची, कणभर मिसळून पाच पातळ थर दिले, प्रत्येक थर सुकल्यावर पुढचा. पहिला तपकिरी, मग दोन गडद लाल, एक जांभळट, आणि शेवटचा निव्वळ पारदर्शक. घासायला अतिशय बारीक कागद, १० पौंड, आणि या वेळी चिकटपट्टी आधी.

दोन गोष्टी जाणून केल्या. काठाची कड शेजारच्यासारखी मलईच्या रंगाची ठेवली, लाल केली नाही. आणि हिरवे ठिपके काढले नाहीत. त्यामुळे खांद्यावरचा झुबका आता वर जाताना एका जागी अचानक संपतो. दारातून पाहिले तर कळत नाही, हातात घेतले तर लगेच कळते. संग्रहालयांतले दुरुस्तीकारही साधारण हाच दंडक पाळतात, असे वाचले आहे. माझ्या हाताला त्याहून चांगले जमलेही नसते, हेही तितकेच खरे.

६ एप्रिल

फळी बसली. चारही नग वर आहेत. उन्हाची तिरीप पडत नाही आणि दार आपटले तरी हादरा पोचत नाही अशी भिंत निवडायला एक आठवडा गेला, बसवायला चाळीस मिनिटे.

खर्च : वस्तूंवर ७७३.१२ पौंड, साहित्यावर १४९ पौंड, एकूण ९२२.१२. ठरवलेल्यापेक्षा २२२.१२ जास्त. कामाचे तास ६१, त्यांतले निम्मे चुका निस्तरण्यात गेले.

लस्टरचा वाडगा खालच्या बाजूने इतका सुंदर आहे की तो उलटा मांडावा असा विचार होता, पण डाग दिसेल असाच ठेवला आहे; पाहुणे विचारतात आणि मला समईची गोष्ट सांगावी लागते. आईला फळी दाखवली तेव्हा तिने लाल फुलदाणी पुन्हा वाजवायला लावली. "बरी झाली की," म्हणाली, आणि मग पूर्ण किंमत काय पडली ते विचारले. या वेळी खरी सांगितली.

प्रत्येक नगाचे एक कार्ड केले आहे : कोठून, किती, शिक्का कसा, उंची किती. लाल फुलदाणीच्या कार्डावर टवक्याची आणि तड्याची लांबी, वापरलेली द्रव्ये, तारखा, ओरखडा कोणी पाडला ते, आणि पुसलेले हिरवे ठिपके कोठपर्यंत होते त्याची पेन्सिलीने काढलेली आकृती आहे. जुन्या छायाचित्राची प्रत मागे चिकटवली आहे. कार्ड दुमडून फुलदाणीच्या आत सोडले आहे. मान अरुंद असल्यामुळे ते सहजी बाहेर पडत नाही, आणि फुलदाणी हलवली की आत खुळखुळते.